निकाल लागायच्या आधी

दहावीचा निकाल एकदाच लागतो. तो दिवस कसाबसा पार पडतो आणि आपण सुटलो असं वाटतं. मग मूल मोठं होतं. सीए करायचं म्हणतं, किंवा एलएलबी करून बारची परीक्षा द्यायची म्हणतं. नाहीतर जॉर्जिया-किर्गिझस्तानातून एमबीबीएस करून येतं आणि इथे डॉक्टरकीचा परवाना मिळावा म्हणून एफएमजीईला बसतं. बावीस-पंचवीस वर्षांच्या त्या मुलाच्या निकालाला आपण पुन्हा तितकेच घाबरतो. उलट जास्तच, कारण आता निकाल वर्षातून दोन-तीनदा लागतो आणि प्रत्येक निकालाबरोबर मुलाचं वयही पुढे सरकलेलं असतं.

माझी मुलगी सीए करते आहे. त्यामुळे हे सगळं पार करून मोकळी झालेली आई म्हणून मी काही सांगत नाहीये. मी तुमच्याच रांगेत उभी आहे.

निकालाच्या दिवशी आपण सगळेच मुद्दाम साधं वागतो. तिच्या आवडीची भाजी करतो. ‘लागला का गं?’ असं विचारायचं नाही हे ठरवतो आणि काही ना काही निमित्ताने दोनदा खोलीत डोकावतो. मुलांना हे सगळं कळत असतं. पेपर कसे गेले याचा अंदाज त्यांना महिनाभर आधीच असतो. त्यांना नसतो तो आपला अंदाज. आई काय म्हणेल, बाबा गप्प बसतील का, आत्याचा फोन आला तर कोण उचलेल, हेच त्यांच्या डोक्यात चाललेलं असतं.

इतर देशांत अशा परीक्षांचं काय करतात, हे मी काळजीपोटी वाचायला लागले. वाचता वाचता एक गोष्ट मनात पक्की बसली. परवान्याची परीक्षा घेणारी प्रत्येक संस्था नापास होणं धरूनच नियम बनवते. किती वेळा बसता येईल, मध्ये किती दिवस थांबायचं, काय पुन्हा द्यायचं, हे सगळं आधी लिहिलेलं असतं. आपल्या घरात मात्र पास झाल्यावर पेढे कुठून आणायचे एवढंच ठरलेलं असतं.

आधी आपल्याकडचंच बघू, कारण आपल्यापैकी कितीतरी जणांना मुलाच्या परीक्षेचे नियमच नीट माहीत नसतात. सीएच्या इंटर आणि फायनलला प्रत्येक ग्रुपमध्ये प्रत्येक पेपरला निदान 40 मार्क लागतात आणि ग्रुपची सरासरी 50 टक्के लागते. म्हणजे तीन पेपरच्या ग्रुपमध्ये तिन्ही पेपरांत 48-48 मिळाले, तरी ग्रुप नापास. एकाही पेपरात ती नापास नाही आणि तरीही नापास आहे! हे माहीत नसलं की आपल्या तोंडून निघतं, ‘अगं, पण सगळ्यात तर पास दिसतेयस.’ तिला ते जखमेवर मीठ वाटतं. ग्रुप गेला, पण एखाद्या पेपरात साठ किंवा त्याहून जास्त मार्क असले, तर त्या पेपरची सूट मिळते. मुलं त्याला ‘एक्झम्प्शन’ म्हणतात. नापास झालेल्या निकालातसुद्धा तिने काहीतरी कमावलेलं असू शकतं, आणि ते ओळखायला आपल्याला नियम ठाऊक हवेत.

फायनलचे दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांपैकी पास होणारे अनेकदा वीस टक्क्यांच्याही आत असतात. परदेशातून एमबीबीएस होऊन आलेल्यांची एफएमजीई 300 मार्कांची असते, पास व्हायला 150 लागतात, आणि बसणाऱ्यांपैकी बहुसंख्य दर वेळी नापासच होतात. या परीक्षांमध्ये नापास होणं हाच जास्त जणांचा अनुभव आहे. घरात मात्र आपण तो आपल्या एकट्यावर कोसळलेला प्रसंग समजतो.

आता जर्मनीकडे या. तिथे वकील किंवा न्यायाधीश व्हायचं तर दोन सरकारी परीक्षा द्याव्या लागतात. पहिली परीक्षा चार-पाच वर्षं शिकल्यावर येते. बहुतेक राज्यांत पाच-पाच तासांचे सहा-सात पेपर असतात आणि वर तोंडी परीक्षा. नापास झालं तर कायद्याप्रमाणे ती फक्त एकदाच पुन्हा देता येते. दुसऱ्यांदाही गेली की तो रस्ता बंद. पूर्वी अशा मुलाच्या हातात विद्यापीठाची साधी पदवीसुद्धा नसायची. सगळी वर्षं त्या एका परीक्षेवर टांगलेली असायची. आता काही विद्यापीठांनी मधल्या टप्प्यावर कायद्याची बॅचलर पदवी द्यायला सुरुवात केली आहे, म्हणजे परीक्षा गेली तरी शिकलेलं पूर्ण वाया जात नाही.

त्याच कायद्यात आणखी एक सोय आहे. जो विद्यार्थी मध्ये खंड न पाडता शिकतो आणि वेळेआधीच पहिल्या परीक्षेला बसतो, तो नापास झाला तर तो प्रयत्न मोजतच नाहीत. परीक्षा खरी, पेपर खरे, पास झाला तर पासही खरा, पण नापास झाला तर काही बिघडलं नाही. इतक्या कडक पद्धतीतही कुणाला तरी वाटलं, की मुलांना एकदा तरी भीती बाजूला ठेवून बसता यावं. आपल्या मुलांना असा एक प्रयत्न आपण घरात देऊ शकतो. ‘हा पहिला अटेम्प्ट. बघू काय होतं. गेला तर गेला,’ असं आधीच आणि मनापासून म्हणायचं. निकाल लागल्यावर म्हटलेलं तेच वाक्य नुसतं सांत्वन ठरतं.

जर्मनीतलीच दुसरी एक गोष्ट मला वकिलीच्या परीक्षेपेक्षाही जास्त भावली. तिथे इलेक्ट्रिशियन, बेकर, बँकेतले कर्मचारी असे कितीतरी लोक आधी शिकाऊ म्हणून नोकरी करतात. आठवड्यातले काही दिवस काम, काही दिवस शाळा, आणि हातात पगार. शेवटी परीक्षा असते. ती नापास झाली तर आणखी दोनदा देता येते. आणि शिकाऊ मुलाने मागितलं, की त्याचा करार पुढच्या परीक्षेपर्यंत वाढतो. जास्तीत जास्त एका वर्षापर्यंत, पण वाढतोच. मालकाच्या मर्जीवर ते सोडलेलं नाही.

म्हणजे नापास झालेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी उठून जायला जागा असते. बरोबर काम करणारी माणसं असतात, दुपारचा चहा असतो, महिन्याला थोडे पैसे येतात. आपण नेमकं उलटं करतो. ग्रुप गेला की म्हणतो, ‘आता सगळं सोड आणि फक्त अभ्यास कर.’ पोटतिडकीनेच म्हणतो. पण बारा-बारा तास एकाच खोलीत, त्याच पुस्तकांसमोर, मित्र पुढे गेलेले, खिशात आईने दिलेले पैसे. यात मूल हळूहळू मिटत जातं. अभ्यासाची सुट्टी लागते, नाही कोण म्हणतं. पण निकालापासून पुढच्या परीक्षेपर्यंतचे सगळेच्या सगळे महिने त्या खोलीत जायला नकोत. अर्धा वेळ एखाद्या सीएच्या ऑफिसात काम, जवळच्या मुलांना अकाउंट्स शिकवणं, निदान रोज संध्याकाळी ग्राउंडवर जाणं, असं काहीतरी तिच्या दिवसात राहू द्या.

जपानची गोष्ट वेगळीच आहे. तिथे वकिलीची जुनी परीक्षा इतकी कठीण होती, की शंभरात दोन-तीन जण पास व्हायचे आणि मुलं वर्षानुवर्षं तीच देत बसायची. म्हणून 2004 मध्ये लॉ स्कूलं काढली आणि 2006 पासून नवी परीक्षा सुरू केली. लॉ स्कूल करून येणाऱ्यांपैकी 70-80 टक्के पास होतील अशी आशा होती. पहिल्या वर्षी 48 टक्के झाले आणि पुढे ते प्रमाण घसरून 2015 च्या सुमारास 23 टक्क्यांवर आलं. लॉ स्कूलं 74 पर्यंत गेली होती, त्यातल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी प्रवेशच बंद झाले. आणि नियम असा होता, की पाच वर्षांत तीनदाच बसता येईल.

मग मुलांनी काय केलं? तयारी असूनही बसणं टाळायला लागली. हातातला प्रयत्न वाया जाईल या भीतीने वर्षं तशीच जाऊ लागली. हे इतकं वाढलं, की 2014 मध्ये कायदा बदलून पाच वर्षांत पाचदा बसायची मुभा द्यावी लागली. मुलांनी अडकून पडू नये म्हणून घातलेली मर्यादा आणि त्या मर्यादेच्याच धाकाने अडकून पडलेली मुलं! हे वाचताना मला आपली घरं आठवली. ‘ही शेवटची संधी हं, पुढच्या वर्षी तुझ्या लग्नाचं बघायचंय,’ असं आपण मूल मनावर घेईल म्हणून म्हणतो. मूल मनावर घेतंच. फक्त अभ्यास घेत नाही, धास्ती घेतं.

दक्षिण कोरियात तर पूर्वी वकिलीच्या परीक्षेच्या प्रयत्नांना अंतच नव्हता. सोलमधल्या शिल्लिम-दोंग या भागात परीक्षा देणाऱ्या मुलांच्या छोट्या छोट्या खोल्यांची एक वस्तीच उभी राहिली होती. पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांच्या कॉट बेसिसवरच्या खोल्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना ती न जाताही दिसेल. युन सुक-योल 1991 मध्ये नवव्या प्रयत्नात ती परीक्षा पास झाले आणि पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. अशा गोष्टी आपल्याला फार आवडतात. मुलाला धीर द्यायला आपण लगेच सांगतो, बघ, नवव्या वेळी पास झाला! पण नवव्या वेळीही जे पास झाले नाहीत त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही, आणि तसेच जास्त होते. म्हणून मुलांना ही गोष्ट सांगताना मी जपून सांगते. कोरियाने 2017 मध्ये ती परीक्षा बंद केली. आता लॉ स्कूल संपल्यापासून पाच वर्षांत नवी परीक्षा पाचदा, बस्स. सक्तीच्या लष्करी सेवेचा काळ तेवढा वगळतात. पाचही गेले की पुन्हा कधीच बसता येत नाही. इंग्लंडमध्येही सॉलिसिटर होण्यासाठी 2021 पासून जी नवी परीक्षा आली, तिला सहा वर्षांत तीनच प्रयत्न आहेत.

आपल्याकडे सीए, बार, एफएमजीई यांना प्रयत्नांचा आकडा बांधलेला नाही. सीए फायनल तर वर्षातून तीनदा घ्यायचं 2025 मध्ये जाहीर झालं. मला स्वतःला हे बरं वाटतं. आजारपण आलं, घरात काही झालं, तर मुलाचं दार कायमचं बंद होत नाही. पण याचा अर्थ असाही होतो, की ‘आता थांब’ असं कुणीच म्हणत नाही. संस्था म्हणत नाही. क्लासवाले तर नाहीच म्हणत. आई-बाप म्हणायला धजत नाहीत, कारण मुलाचा आपल्यावरचा विश्वास उडेल अशी भीती वाटते. आणि मूल म्हणत नाही, कारण आपण इतका खर्च केलाय, इतकी वाट पाहिलीय, हे त्याला ठाऊक असतं. दोघंही एकमेकांना सांभाळत गप्प राहतात आणि त्यात वर्षं जातात.

हे बोलणं फार अवघड आहे, मला कल्पना आहे. पण ते निकालाच्या रात्री अशक्य असतं आणि निकालाच्या खूप आधी बरंचसं शक्य असतं. त्यात आकडा आपण ठरवायचा नाही, तिने ठरवायचा. ‘तुला साधारण कुठपर्यंत प्रयत्न करावेसे वाटतात? आणि नाहीच झालं तर आत्ता तुझ्या हातात काय काय आहे, ते आपण एकदा कागदावर लिहून काढू या का?’ लिहायला बसलं की कागद रिकामा राहत नाही. बीकॉम आहे. इंटर झालं असेल तर कंपन्यांच्या अकाउंट्स विभागात त्याला किंमत आहे. आर्टिकलशिप केली असेल तर ऑडिटचा, जीएसटीचा, टॅक्सचा प्रत्यक्ष अनुभव आहे. एलएलबीची पदवी बारची परीक्षा गेली तरी पदवीच राहते. हा कागद पाहिलेलं मूल लगेच प्रयत्न सोडून देईल अशी भीती आपल्याला वाटते. माझा अनुभव उलट आहे. खाली जमीन आहे हे दिसलं, की मुलं जास्त मोकळेपणी अभ्यास करतात.

अमेरिकेत प्रत्येक राज्याची रीत वेगळी. मला तिथलं घेण्यासारखं वाटलं ते नर्सिंगचं. परवान्याच्या परीक्षेत जी नर्स नापास होते तिला एक अहवाल मिळतो. अभ्यासक्रमाच्या कोणत्या भागात ती पास होण्याच्या पातळीच्या वर होती, कुठे जवळपास आणि कुठे खाली, हे त्यात लिहिलेलं असतं. पुन्हा बसायच्या आधी साधारण 45 दिवस थांबायचं. ‘तू नापास’ एवढ्यावर तिला सोडून देत नाहीत. आपणही घरात ‘असं कसं झालं?’ याऐवजी, पण चार-आठ दिवस जाऊ देऊन, ‘कुठे कमी पडलं असं तुला वाटतं?’ असं विचारू शकतो. सीएच्या संस्थेकडून तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते. ती मागवून तिला वाटलं तर तिच्याबरोबर बसा. विषय कळला नाही तरी चालेल. शेजारी कुणी आहे, एवढं तिला पुरतं.

राहिली लाज. हिलरी क्लिंटन 1973 मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या बार परीक्षेत नापास झाल्या होत्या. त्याच सुमारास अर्कान्सॉची पास झाल्या आणि पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे. पण ही गोष्ट त्यांनी जगाला सांगितली ती तीस वर्षांनी, 2003 च्या आत्मचरित्रात. येलमध्ये शिकलेली, इतकी खंबीर बाई, तिलाही ती तीस वर्षं आत ठेवावीशी वाटली. मिशेल ओबामाही शिकागोत पहिल्या वेळी नापास झाल्या होत्या. राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा न्यूयॉर्कमध्ये दोनदा नापास झाला तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांनी मोठे मथळे देऊन त्याची टर उडवली. तिसऱ्यांदा, 1990 मध्ये, तो पास झाला.

आपल्या मुलांच्या मागे वर्तमानपत्रं नसतात, पण फॅमिली ग्रुप असतो. आत्तेभावाच्या लग्नाला मूल येत नाही म्हणतं, आणि आपण ‘अभ्यास आहे’ असं सांगून वेळ मारून नेतो. खरं तर त्याला मांडवात भेटणाऱ्या प्रत्येकाच्या ‘काय मग, झालं का सीए?’ला तोंड द्यायचं नसतं. विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण ते प्रश्न दिवसभर साठत जातात. यात आपण खूप करू शकतो. काय सांगायचं हे मुलालाच विचारून ठेवायचं. ‘एक ग्रुप राहिलाय, देतेय ती,’ असं आपणच सहज, मान खाली न घालता सांगितलं, की समोरचा पुढे विचारत नाही. आपण चाचरलो, की मुलाला वाटतं आई-बाबांना माझी लाज वाटते. ती समजूत काढायला मग खूप वर्षं लागतात.

आणि एक फार महत्त्वाचं. निकालानंतर मूल जेवेना, झोपेना, ‘मी असून काय उपयोग’ असं एकदाही म्हणालं, तर ते नाटक समजू नका आणि ‘असं बोलू नये’ म्हणून विषय बंदही करू नका. जवळ बसा, स्पष्ट विचारा, एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. 14416 हा सरकारी टेलि-मानसचा नंबर चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं. आपण स्वतः घाबरलो असलो तर आपणही तो लावू शकतो. नंबर आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा.

तुमच्याकडेही एखादा निकाल जवळ आला असेल, तर या आठवड्यात, जेवणं झाल्यावर, फोन बाजूला ठेवून मुलाला दोनच गोष्टी विचारा: तुझ्या परीक्षेचे नियम मला समजावून सांगशील का? आणि या वेळी नाही झालं, तर त्या दिवशी आम्ही कसं वागलेलं तुला आवडेल? उत्तर लगेच मिळालं नाही तर थांबा, पण विचारा नक्की, आणि निकाल लागायच्या आधी विचारा.